जिन्याखालचं कपाट

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद. राहते कळव्याला, पण पुस्तकासाठी खाडीपूल ओलांडून ठाण्यात येते, आणि हे गेली पस्तीस-छत्तीस वर्षं चालू आहे. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण घरातलं आहे. घरातल्या घरात तीनदा बोलून झालं, म्हणून आता चार लोकांसमोर बोलते आहे.

८ मार्चचा कार्यक्रम झाला. उखाणे झाले, ‘स्त्रीमनाचे हळवे कोपरे’ या विषयावर कवितावाचन झालं, प्रत्येकीला गुलाबाचं फूल आणि अळूवडीचा डबा मिळाला. अळूवडी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

पण या कार्यक्रमासाठी फेब्रुवारीत कार्यवाहांनीच मला बोलावून घेतलं होतं. कळव्यात आमचा अकराजणींचा वाचनगट आहे, रविवारी दुपारी जेवणं उरकली की जमतो. ‘तुमच्या गटाने काहीतरी वाचा’ असं सांगितलं, म्हणून मी पाच उताऱ्यांची यादी दिली: मुक्ता साळवे, ताराबाई शिंदे, बेबी कांबळे, दुर्गा भागवतांचं कराडचं भाषण आणि महाश्वेता देवींच्या ‘द्रौपदी’ कथेचा शेवट. दोन दिवसांनी फोन आला. ‘ताई, यादी छान आहे, पण जड होते. आणि जरा राजकीय. दुर्गाबाई ठेवू या ना, फक्त भाषणाऐवजी ऋतुचक्र घ्या. आपल्याला अनुदान घ्यायचं असतं, तुम्हाला कळतंय ना?’

कळतं. अनुदानाचा हप्ता थकला की इथल्या कर्मचाऱ्यांचे पगार कसे थकतात ते मी पाहिलेलं आहे. अनुदानासाठीचा आपला वर्ग ‘ब’ चा ‘अ’ व्हावा म्हणून सगळे किती धडपडले तेही माहीत आहे. त्यामुळे आपली भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मला राग आला तो दुर्गाबाईंच्या वाटणीचा.

‘ऋतुचक्र’ १९५६ चं. निसर्गाकडे इतक्या बारकाईने पाहणारं पुस्तक आपल्याकडे क्वचित लिहिलं गेलं, मला ते अतिशय प्रिय आहे. पण तेच डोळे १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीकडे पाहत होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेतून सुटून मूत्रपिंडाच्या आजाराने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात. अशा वेळी अध्यक्षीण बाईंनी त्याच मांडवात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. पुढे सरकार बदललं, सन्मान चालून आले, तर पद्मश्री नाकारली आणि ज्ञानपीठही नाकारलं. या बाईंचे आपण दोन तुकडे करता आणि फुलंपानं तेवढी ठेवून घेता. त्या असत्या तर आपल्याला काय म्हणाल्या असत्या, याची कल्पना मी करू शकते, पण ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

असो. कार्यक्रम काय, झाला आणि गेला. हे पत्र खरं तर कपाटासाठी आहे.

जिन्याखाली, पाण्याच्या फिल्टरच्या मागे, एक हिरवं लोखंडी कपाट आहे. त्यावर ‘महिला विभाग’ अशी पट्टी. त्यात विणकाम आहे, रुखवत आहे, लोणची-मुरांबे आहेत, बाळाची नावं आहेत. आणि त्यांच्यात दाटीवाटीने बेबी कांबळे, कुमुद पावडे, शांताबाई कांबळे, मलिका अमरशेख यांची आत्मचरित्रं. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ तर हस्तकलेच्या कप्प्यात होतं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, तेव्हा कोणी तरी नाव वाचून ठेवून दिलं असणार. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच हसत बसले. नंतर लक्षात आलं, की २००३ च्या पुस्तकावर माझ्या आधी परतीच्या तारखेचे फक्त दोन शिक्के आहेत.

आपण म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र? तर जरा थांबून ऐका. जे लिहिलं म्हणून मार बसेल, तुरुंग होईल, निदान बदनामी तरी होईल, असं लिहिणाऱ्या बायकांची चरित्रं मी गेली काही वर्षं वाचते आहे. त्यांत एक गोष्ट इतक्या वेळा येते की मी वहीत वेगळं पानच केलंय: कागद कुठे लपवला.

बेबी कांबळे फलटणच्या. घरचं छोटं दुकान. पुड्या बांधायला आणलेली रद्दी गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचायची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं. लिहिलेलं नवऱ्याला आणि मुलाला दिसणार नाही अशा जागी ठेवायचं. हे जवळजवळ वीस वर्षं चाललं. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला म्हणून ते लेखन बाहेर आलं, १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात. पुस्तकात गावकुसाबाहेरच्या महारवाड्याची भूक आहे, गावाने केलेला जुलूम आहे, घरात सासूने सुनेला केलेला छळ आहे, आणि बाबासाहेबांमुळे ताठ झालेल्या माना आहेत. स्वतःला नवऱ्याकडून काय सोसावं लागलं, ते मात्र तिथे नाही. ते पुढे मुलाखतीत विचारल्यावर सांगितलं. मला याचं फार नवल वाटतं. वीस वर्षं ज्याच्यापासून वही लपवली, त्याच्याबद्दल वहीत लिहिलंच नाही. समाजाचं दुःख आधी, मग माझं, असा तो हिशोब होता. आमच्या गटात यावर दोन रविवार वाद झाला. निम्म्याजणींना हे मोठेपण वाटतं, निम्म्यांना अन्याय वाटतो. मी कधी या बाजूला असते, कधी त्या.

नवाल अल् सादवी इजिप्तच्या, पेशाने डॉक्टर. सप्टेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातांनी विरोधकांची सरसकट धरपकड केली, त्यात त्या आत गेल्या. कागद-पेन द्यायचं नाही असा हुकूम. मग त्यांनी शौचालयाच्या कागदावर लिहिलं, भुवया कोरायच्या पेन्सिलीने. ती पेन्सिल दिली होती वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्याखाली त्याच तुरुंगात असलेल्या एका बाईने. भुवया कोरायच्या पेन्सिलीचा यापेक्षा चांगला उपयोग झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्या महिला विभागात सौंदर्यप्रसाधनांवर चार पुस्तकं आहेत, त्यात ही माहिती घालायला हरकत नाही.

आणि रशियन कवयित्री ॲना अख्मातोवा. ही गोष्ट मला सगळ्यात जवळची, त्याला कारण आपलं ठाणंच. कळव्याहून येताना पूल उतरला की आपल्या कारागृहाची भिंत लागते. जुना किल्लाच तो. १९१० च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी दिलं, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. मुलाखतीच्या दिवशी बाहेर थांबलेल्या बाया मात्र कोणाच्या लक्षात येत नाहीत. हातात प्लॅस्टिकची पिशवी, कडेवर मूल, पदराने घाम पुसत ताटकळलेल्या. त्यांचा माणूस दोषी असेल, नसेल. मी वर्षानुवर्षं रिक्षातून त्यांच्याकडे बघत पुढे गेले. अख्मातोवाचा मुलगा स्टॅलिनच्या काळात पकडला गेला, तेव्हा ती लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर अशाच रांगेत सतरा महिने उभी राहिली. रांगेतल्या एका बाईने तिला ओळखलं आणि कानाशी येऊन विचारलं, हे तुला लिहिता येईल का? ती म्हणाली, येईल. त्यातून झालेली कविता कागदावर ठेवणं म्हणजे मरण. म्हणून ती चिठोऱ्यावर ओळी लिहायची, समोर बसलेली मैत्रीण त्या मुकाट्याने पाठ करायची, आणि मग चिठोरा रक्षापात्रात जाळून टाकायचा. लिदिया चुकोव्स्काया ही अशा पाठ करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे ते पुस्तक कित्येक वर्षं काही बायकांच्या डोक्यात होतं. रशियात ते छापून यायला १९८७ उजाडलं. तोवर तिला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

हे वाचल्यापासून रिक्षा त्या भिंतीशी आली की मी दुसरीकडे बघू शकत नाही.

लपवायच्या जागा आणखीही असतात. नाव ही एक जागा आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, हे शोधून काढायला अवघा महाराष्ट्र निघाला होता; मालतीबाई बेडेकरांना त्या टोपणनावाआड राहणं भागच होतं. विस्मृती ही तर सगळ्यात खोल जागा. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करून काळ्या पाण्याची केली. वर्तमानपत्रांनी त्यावरून तमाम बायकांना नीतीचे पाठ दिले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ छापून मोकळ्या झाल्या. त्या विधवेला आईपणाची वेळ ज्याने आणली तो पुरुष कुठे आहे, असं त्यांनी ठणकावून विचारलं. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी झोडपलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे एकही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत त्र्याण्णव वर्षं दिसेनासं झालं होतं. बंदी नाही, जप्ती नाही. कुठल्या तरी जिन्याखाली पडून असणार.

आणि त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मुलगी ‘ज्ञानोदय’मध्ये लिहून गेली, की पेशवाईत आम्हा मांगमहारांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत होते. मराठीत बाईने सत्तेच्या जुलमावर लिहिलेलं इतकं जुनं आणि इतकं सरळ दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. शाळकरी पोर होती. तिला कोणी ‘जड होतं’ असं म्हटलं नसावं.

आता आपल्याला वाटेल, ही बाई उखाण्यांवर रागावली आहे. अजिबात नाही. मी स्वतः आमच्या सोसायटीत तीन वर्षं उखाण्यांचं बक्षीस घेतलंय. पण उखाण्याची थोरली बहीण ओवी, ती काय सांगते ते बघा ना. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे. त्याचबरोबर नवऱ्याचा मार आहे, सासरचा जाच आहे, बाईच्या जन्माला घातलेल्या शिव्या आहेत, आणि भीमरावांचं गाणंही आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत बोललेलं आतल्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू जात नाही. ती घरघर हीसुद्धा एक लपवायची जागाच. यंदा उखाण्यांबरोबर अशा दहा ओव्या म्हणायला काय हरकत होती? त्यात तर कुठला पक्षही नाही.

मुळात ‘राजकीय’ म्हणजे काय, हे मला कळत नाही. २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा आपण फलकावर रंगीत खडूंनी अभिनंदन लिहिलं होतं. मुसलमान बायकांना मशिदीत जाता यावं असं बोलल्याबद्दल २००० साली त्या बाईंवर आणि घरच्यांवर बहिष्कार पडला होता, एक माणूस चाकू घेऊन अंगावर आला होता. त्या कथा या सगळ्यातून आलेल्या आहेत. तेव्हा आपल्याला त्या राजकीय वाटल्या नाहीत, कारण फक्त अभिनंदन करायचं होतं, वाचायच्या नव्हत्या. (हे जरा टोचून लिहिलं गेलं. राहू दे.)

‘द्रौपदी’बद्दल फोनवर ‘तिचा शेवट कसा वाचणार व्यासपीठावर?’ असं विचारलं गेलं. कथेतली दोपदी मेझेन ही संथाळ बाई, नक्षलवादी म्हणून पकडलेली. रात्रभर तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो आणि सकाळी ती अंगावर कपडे घ्यायला नकार देते, तशीच सेनानायकासमोर जाऊन उभी राहते, आणि हातात सगळी सत्ता असलेला तो माणूस पहिल्यांदा घाबरतो. हो, वाचायला अवघड आहे. आमच्या गटात मी हिंदीतून वाचून दाखवली तेव्हा शेवटच्या पानावर माझा आवाज फुटेना, आणि एकजण उठून स्वयंपाकघरात गेली. पण त्या अवघडलेपणाची सवय करायची नाही असंच ठरवलं, तर मग तेच २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केलं. अभ्यासक्रमातून कथा काढून टाकली. सोबत बामा आणि सुकीर्तराणी या दोन दलित तमिळ लेखिकाही वगळल्या. आपल्या वाचनालयाने विद्यापीठाचं अनुकरण करायचंच तर दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत.

आपल्यालाच दोष देते आहे असंही नाही. ठाण्यात साहित्य संमेलनाचा मांडव तीनदा पडला, १९६०, १९८८ आणि २०१०. तिन्ही वेळा अध्यक्ष पुरुष. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनांत बाई अध्यक्ष झाली सहा वेळा. २०१९ मध्ये यवतमाळला इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि उधळून लावण्याची धमकी येताच निमंत्रण मागे घेतलं. नव्वदी पार केलेली बाई, २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केलेली, तेव्हा ती काय बोलणार हे आधीच माहीत होतं. पण त्याच मांडवात प्रेक्षकांतल्या काहीजणी सहगलांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या आणि अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी झाल्या प्रकाराबद्दल सुनावलं. तेव्हा घाबरणारी मंडळं पुष्कळ असतात, आपण एकटे नाही. पण त्याच मांडवात मुखवटे लावून बसणाऱ्याही असतात, एवढं लक्षात असावं.

आता एका वाचकाबद्दल सांगते, नाव आणि खुणा सोडून. आमच्या गटातली एकजण पुस्तक कधीही घरी नेत नाही. सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरते, पण वाचते ती वाचनालयातच, आठवड्यातून दोनदा, तासभर. घरी का नेत नाही हे तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. हाताच्या कोपरावरची खूण पाहिली होती, तेवढं पुरे. पूर्वी ती महिला वाचनकक्षात बसायची. तो गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला दिला. मुलांना जागा हवी हे मान्य, माझा भाचाही तिथेच बसतो. पण आता ती जिन्याखालच्या त्या कपाटाशी, फिल्टरपाशी, स्टुलावर बसून वाचते, आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येकजण ती काय वाचते ते वाकून बघतो. सध्या तिच्या हातात मलिका अमरशेखांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ असतं. वर्तमानपत्रात गुंडाळून.

म्हणून मागणं फार थोडं आहे. ते कपाट तिथून हलवा. आत्मचरित्रं आत्मचरित्रांत ठेवा, कथा कथांत, वैचारिक वैचारिकात, जिथे पुरुषांची असतात तिथे. लोणची-मुरांबे खुशाल महिला विभागात राहू देत, किंवा पाकशास्त्र अशी पट्टी लावा, म्हणजे पुरुषही बघतील. आणि अभ्यासिकेतलं खिडकीकडचं एक टेबल दुपारी तीन ते पाच बायकांसाठी राखून ठेवा. याला अनुदान लागत नाही. ठराव लागत असेल तर माझी सूचना समजा. अनुमोदनाला दहाजणी तयार आहेत.

एक शेवटचं. गेल्या महिन्यात सूचनाफलकावर निर्लेखनाची यादी लागली. पाच वर्षांत एकदाही देवघेव न झालेली पुस्तकं बाद करून रद्दीत द्यायची, असा नियम खाली लिहिला होता. यादीत एकशे चाळीस पुस्तकं होती, त्यातली बावीस जिन्याखालची. ‘जिणं आमुचं’ सतराव्या क्रमांकावर होतं. रद्दीच्या कागदांशेजारी बसून लिहिलेलं पुस्तक रद्दीत निघालं होतं. ग्रंथपाल बाईंचा यात दोष नाही, त्या नियमाने चालल्या.

आम्हीही नियमानेच चाललो. आम्ही अकराजणी, प्रत्येकीच्या कार्डावर दोन पुस्तकं मिळतात. गेल्या शनिवारी चार वाजता सगळ्या एकत्र आलो आणि बावीसच्या बावीस पुस्तकं काढून नेली. जी घरी नेत नाही, तिची दोन माझ्याकडे आहेत. देवघेवीच्या खिडकीवरच्या मुलाला शाई संपल्यामुळे मधेच उठून शिक्क्याची गादी भिजवून आणावी लागली. प्रत्येक पुस्तकावर आता ताजी तारीख आहे. पंधरा दिवसांनी परत आणू, आणि अदलाबदल करून पुन्हा नेऊ. कोणाला उशीर झालाच तर विलंबशुल्क लावा, पावती घेऊ.

आपली,
कळव्याची एक आजीव सभासद